चिंचेचा पाला

हजिऱ्याला तानसेनच्या मकबऱ्याशेजारी एक चिंचेचं झाड आहे. ग्वाल्हेरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते: त्या झाडाचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. मूळ झाड कधीच गेलं. गवयांनी आणि गवई होऊ बघणाऱ्यांनी ओरबाडून ओरबाडून त्याला संपवलं, असं जुनी माणसं सांगत. आताचं झाड नंतरचं. पण समजूत जुन्या झाडावरून नव्या झाडावर बिनतक्रार उतरली, आणि डिसेंबरात तानसेन समारोहाला आलेले पाहुणे अजूनही दोन पानं रुमालात बांधून नेतात.

माझी आजी तो पाला पदरात बांधून ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या घरी आली होती, पण गाण्यासाठी नव्हे. तिच्या सहा-सात वर्षांच्या मुलाची जीभ अडत होती. पोराला सगळं समजायचं, पाढे तोंडपाठ, पण शब्दाच्या उंबऱ्याशी आला की पाय अडकायचा. नवस झाले, दृष्ट काढून झाली, मधात उगाळलेलं वेखंड जिभेवर लावून झालं. मग कुणीतरी म्हणालं, तानसेनाला जी चिंच पावली ती तुमच्या पोराला पावेल. महिनाभर रोज सकाळी उपाशीपोटी कोवळा पाला. त्यातून झालं एवढंच, की नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पुढे जन्मभर चिंचेची आमटी ताटात वाढू दिली नाही.

मी खरं तर शरद केळकरबद्दल लिहायला बसले आहे. टीव्हीवरचा, सिनेमातला नट, आमच्या गावचा. पण नानांना बाजूला ठेवून त्याच्याबद्दल लिहिता येत नाही, हे दोनदा लिहून दोनदा पुसल्यावर लक्षात आलं.

नानांचं बोलणं सगळीकडे सारखं अडायचं नाही. र, ल, स, क सरळ जात. प, ब, म आले की ओठ मिटायचे आणि मिटलेलेच राहायचे. मान किंचित वर, डोळे बंद, आणि ओठांच्या आत शब्द दार ठोठावतो आहे. दुर्दैव असं की त्यांचं स्वतःचं नाव 'प'वरून. अडखळणाऱ्या पुष्कळ माणसांचं घोडं स्वतःच्या नावापाशीच अडतं, हे मी पुढे वाचलं. दुसऱ्या शब्दाला बगल देता येते, नावाला पर्याय नसतो. नानांनी तोड काढली होती. कुणी नाव विचारलं की ते खिशातून कचेरीचं ओळखपत्र काढून दाखवत. घरात 'पाणी' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. 'तांब्या दे' म्हणत. पाहुण्यांना वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस.

शाळेत त्यांना 'हकला', म्हणजे तोतरा, म्हणत. मराठीतला तोतरा आणि हिंदीतला तोतला हे वेगवेगळे. हिंदीतला तोतला म्हणजे आपला बोबडा. दोन भाषांच्या गावात राहिलं की टिंगलही दोन भाषांत होते, आणि नेमकी होते.

घरी टिंगल नव्हती. घरी त्याहून वाईट होतं. आम्ही सगळे त्यांची वाक्यं पुरी करत असू. ओठ मिटले की आई, मी, माझा भाऊ, जो जवळ असेल तो तो शब्द त्यांच्या हातात ठेवून मोकळा. प्रेमानंच. ते मान डोलवत आणि पुढच्या शब्दाकडे वळत.

आणि हाच माणूस गणपतीत आरतीला उभा राहिला की एक अक्षर अडायचं नाही. सगळी आळी सोबत असायची, टाळ असायचे, आणि नानांचा आवाज सगळ्यांच्या वर. गाताना आणि चारजणांबरोबर एका सुरात बोलताना अडखळणं बहुतेक वेळा गळून पडतं, असं यातले जाणकार सांगतात. आम्हाला तेव्हा हे शास्त्र ठाऊक नव्हतं. आजी म्हणायची, 'चिंच पावली, पण गाण्यापुरतीच.'

२००५ साली झी टीव्हीवर 'सात फेरे' सुरू झाली. सलोनी नावाची सावळी मुलगी, रंगापायी नाकारली जाणारी, आणि तिच्या आयुष्यात आलेला नाहर. नाहर म्हणजे शरद केळकर. माझी आई मालिका बघणाऱ्यांतली नव्हती. तिला कीर्तन आवडायचं, ढोलीबुवांच्या मठात तिचा जीव. पण ही मालिका तिनं धरली ती धरली. आई स्वतः सावळी. चार ठिकाणांहून नकार आले आणि पाचव्या स्थळानं होकार दिला, कारण मुलाचं बोलणं अडायचं. 'सावळीला अडखळणारा, हिशेब चुकता', असं ती स्वतःच हसून सांगे, आणि सांगताना नानांकडे बघे. नानाही हसत. त्या हसण्यात किती काय होतं याचा विचार मी फार उशिरा केला.

नाहरचं काम करणारा मुलगा ग्वाल्हेरचा आहे हे तिला वर्तमानपत्रातून कळलं आणि घरात चौकशी आयोग बसला. कुठले केळकर? आमच्याकडे मराठी माणसाची चौकशी आडनावापासून निघते आणि गल्लीत जाऊन थांबते. दौलतगंजातले? माधोगंजातले? कंपूकडचे? नई सडकेवर एक केळकर होते ते? आईच्या मावसबहिणीची जाऊ माहेरची केळकर, तेव्हा हा मुलगा आपल्या लांबच्या नात्यातला असणारच, असा निकाल आईनं चार दिवसांत दिला. तो निकाल खोडून काढायचं बळ घरात कुणाच्या अंगात नव्हतं. पुढे त्याची आणि बायकोची, कीर्ती गायकवाडची, जोडी 'नच बलिये'त नाचायला आली तेव्हा आई शेजारणींना 'आमच्याकडची सून' असं म्हणाल्याचं मी या कानांनी ऐकलं आहे.

नात्याचं सोडा. खरं एवढंच की तो १९७६ साली ग्वाल्हेरात जन्मला. मुंबईला जाण्याआधी इथे व्यायामशिक्षक होता, एमबीएही केलं. व्यायामशिक्षक असणं आमच्या गावात नवलाचं नाही. १९५७ पासून राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची मोठी संस्था इथे आहे, आणि अंगापिंडानं मजबूत पोरगा दिसला की 'तिथलाच का रे?' असं सहज विचारतात. मग २००४ साली दूरदर्शनवर 'आक्रोश' नावाची मालिका, आणि तिथून पुढे एकामागून एक. मुंबईत जाऊन नट झालेल्या मुलांच्या गोष्टीत फलाटावर झोपणं, वडापाववर दिवस काढणं वगैरे येतं. त्याच्या वाट्याला काय आलं ते तो जाणे. मला त्यात रस नव्हता. मला त्याची हिंदी ऐकायला आवडायची. मुंबईची नव्हे, आमच्या बाजूची हिंदी, जिच्यात 'श' आणि 'स' आपापल्या जागी बसलेले असतात.

२००९ मध्ये तो 'बैरी पिया'त खलनायक झाला. विदर्भातल्या गरीब शेतकऱ्याची पोर आणि तिच्या मागे लागलेला जमीनदार. जमीनदाराचं नाव ठाकूर दिग्विजयसिंह भदौरिया. आता आमच्या ग्वाल्हेर-भिंडकडे भदौरिया हे रोजचं आडनाव. शाळेत माझ्या वर्गातच तीन होते. ते विदर्भात जाऊन जमीनदारी कधी करू लागले हे लेखकाला ठाऊक. नानांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'भिंडहून बदली झाली असेल.' सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस, दुसरं काय सुचणार. पाटी खरीच होती; लांबलचक काही सांगायचं असलं की नाना लिहीत.

आई २०११ मध्ये गेली. त्यानंतर आमच्या घरी मालिका बंदच झाल्या. शरद केळकर नानांच्या आयुष्यात परत आला तो चेहऱ्याशिवाय.

'बाहुबली' जुलै २०१५ मध्ये आला आणि मी नानांना ओढून मल्टिप्लेक्सला नेलं. पंच्याहत्तरीचा माणूस, लश्करातल्या जुन्या टॉकीजच्या लाकडी खुर्च्यांवर वाढलेला. त्या थंडगार गादीवर बसून त्यांनी अडीच तास डोळ्याची पापणी हलवली नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, 'नाना, तो आवाज कुणाचा होता ओळखलंत?' त्यांनी ओठ मिटले. 'प्र…' त्यांना प्रभास म्हणायचं होतं. 'नाही', मी म्हणाले, 'हिंदीत तो बोललाच नाही. आपला केळकर बोललाय. आईचा नाहर.'

डबिंगचं हे काम काय असतं याचा मला थोडा अंदाज आहे. १९९० च्या आसपास मी आकाशवाणी ग्वाल्हेरला 'युववाणी'साठी अधूनमधून जायची. तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं की माइकच्या थेट तोंडासमोर 'प' म्हणायचा नाही. प, फ, भ म्हणताना ओठांतून वाऱ्याचा झोत सुटतो. तो माइकवर आदळला की ऐकणाऱ्याच्या कानात फटाका फुटतो. तोंड जरा तिरकं धरायचं, झोत बाजूनं जाऊ द्यायचा. घरी येऊन मी हे नानांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत होते. ज्या अक्षरांशी त्यांची जन्माची लढाई, त्यांच्यात एवढा जोर असतो की यंत्रसुद्धा दचकतं, हे त्यांना बरं वाटलं असावं.

रेडिओवर निदान ओठ स्वतःचे असतात. डबिंगमध्ये तेही नसतात. खोलीत नट एकटा. समोर पडदा, कानात मूळ भाषेतला आवाज, आणि दृश्याचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्या तुकड्यात दुसऱ्या माणसाचे ओठ ज्या क्षणी हलतात त्या क्षणी आपला शब्द पडला पाहिजे. 'लिप बसली' किंवा 'लिप नाही बसली', बस. स्वरांचं निभावतं, 'आ'च्या जागी 'ओ' गेला तर कुणी भांडत नाही. पण प, फ, ब, भ, म या पाचांना गत्यंतर नाही. पडद्यावर ओठ मिटलेले दिसले की तिथे यांतलंच एखादं अक्षर हवं. नाहीतर पाहणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, फक्त सगळं खोटं वाटायला लागतं. त्यात प्रभासचे ओठ तेलुगूत हलत होते. तेलुगू शब्द बहुधा स्वरावर संपतो, तोंड उघडं राहतं. हिंदीचा शब्द व्यंजनावर आपटून थांबतो. त्या उघड्या तोंडांत हिंदी भरायची, आणि वर राजाचा रुबाब राखायचा.

हे सगळं मला कौतुकाचं वाटत होतंच. पण लहानपणी आपण अडखळत बोलायचो, असं केळकरला स्वतःच्या तोंडानं एका मुलाखतीत सांगताना ऐकलं आणि मी ताटावरून उठले. म्हणजे ओठ मिटवणाऱ्या ज्या अक्षरांशी नाना अडले, त्यांच्यावर दुसऱ्याच्या ओठांची वेळ साधून, पळभराचाही उशीर न करता उतरायचं, हे या मुलाचं पोट भरायचं साधन होतं.

मी नानांना सांगितलं. ते झोपाळ्यावर होते. झोपाळा थांबला.

'कसं केलं त्यानं?' त्यांनी विचारलं. सरळ, न अडता. 'क' त्यांना कधीच अडत नसे.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. श्वास, सराव, हट्ट, हे शब्द मी म्हणाले असेन. त्यांनी मान हलवली, जशी डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्यावर हलवत. त्यांनी यातलं काही केलं नव्हतं असं नव्हे. पहाटे उठून फुलबागेत जाऊन मोठ्यानं वाचायचे ते तरुणपणी. राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीजवळ माणूस नसे तेव्हा. आईनंच मला हे सांगितलं होतं, आणि त्यांना सांगू नकोस असंही.

'बाहुबली'चा दुसरा भाग २८ एप्रिल २०१७ ला आला. नुसत्या हिंदीत त्यानं ५०० कोटींच्या वर धंदा केला. त्यातलं आवाजाचं किती, हे कुणी मोजत नाही. पोस्टरवर आवाजाचं नाव नसतं. ते नानांना खटकत होतं. 'क्रेडिट' हा त्यांच्या कचेरीतला शब्द, खात्याच्या उजव्या बाजूचा. 'उजवी बाजू रिकामी', असं पाटीवर लिहून त्यांनी माझ्यापुढे धरली.

इथे थोडं आमच्या मराठीबद्दल सांगायला हवं. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली पडला आणि त्या लष्कराच्या तळाचंच लश्कर नावाचं शहर झालं. तेव्हापासून आम्ही इथे आहोत. भा. रा. तांबे इथले राजकवी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे येऊन ख्याल शिकले आणि तो त्यांनी महाराष्ट्रात नेला; पुढे विष्णु दिगंबर त्यांच्याच हाताखाली तयार झाले. म्हणजे महाराष्ट्र जे गातो त्यातलं पुष्कळ आमच्या गल्ल्यांतून गेलेलं. पण बोलायला लागलो की आम्ही पकडले जातो. माझ्या भाचीच्या लग्नात पुण्याला मी सहज म्हणाले, 'आमची बस छुटून गेली ना.' मुलाकडची एक बाई हसली. वाईट हेतूनं नव्हे, पण हसली, आणि मग दिवसभर ती माझ्याशी हिंदीत बोलत राहिली. बाड्यावरच्या भाजीवाल्यापुढे आम्ही मराठी, पुण्यातल्या मांडवात हिंदी. स्वतःच्या भाषेत तोंड उघडण्याआधी मनातल्या मनात एकदा वाक्य तपासून घ्यायचं, हे मला तेव्हापासून लागलं. आणि एके दिवशी लक्षात आलं, की नाना हेच करतात. फक्त ते प्रत्येक वाक्याला करतात, आणि ऐंशी वर्षं करत आले आहेत.

म्हणून २०१४ मध्ये 'लय भारी'त शरद केळकर रितेश देशमुखसमोर संग्राम म्हणून उभा राहिला तेव्हा माझं अर्धं लक्ष कथेत नव्हतं. मी त्याचे 'ळ' मोजत होते. ग्वाल्हेरच्या माणसाचा पहिला बळी 'ळ' जातो. काय मोजलं ते सांगत नाही. गावचा माणूस आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये 'तान्हाजी'च्या ट्रेलरच्या कार्यक्रमात एका पत्रकारानं प्रश्न विचारताना नुसतं 'शिवाजी' म्हटलं. हा मंचावर होता, चित्रपटात महाराजांचं काम करणारा. त्यानं तिथल्या तिथे, आवाज न चढवता दुरुस्ती केली: छत्रपती शिवाजी महाराज. टाळ्या पडल्या. ती फीत सगळ्यांच्या फोनवर फिरली, नानांच्या फोनवर मी पाठवायच्या आधीच तीन ठिकाणांहून आली होती. लोकांना त्यात मराठी अभिमान दिसला, तो होताच. नानांनी ती फीत सात-आठ वेळा बघितली. त्यांना त्यात दुसरंच काही दिसत असावं. ऐनवेळी, शेकडो माणसांसमोर, लिहून न आणलेलं वाक्य. आणि शेवटचा शब्द 'म'वरून.

चित्रपट १० जानेवारी २०२० ला लागला आणि मार्चमध्ये सगळं बंद पडलं. माझा मुलगा पुण्याहून घरी आला तो लॅपटॉप घेऊन, आणि आमच्या घरात ओटीटी नावाचं प्रकरण शिरलं. ते वर्ष जवळजवळ केळकर महोत्सवच होता. मुलगा 'द फॅमिली मॅन' बघायचा. तिथे हा अरविंद, नायकाच्या बायकोचा सहकारी. लोणावळ्यात त्या दोघांचं नेमकं काय झालं हे मालिकेनं सांगितलं नाही, आणि देशभरातली रिकामी बसलेली पोरं त्या बिचाऱ्याला जिथे तिथे तेच विचारत होती. नोव्हेंबरात 'लक्ष्मी' आला. चित्रपट मला सोसवला नाही, मध्येच उठून मी भाजी चिरायला घेतली होती. पण तृतीयपंथी लक्ष्मीच्या वेषात तो आला आणि सुरी हातात तशीच राहिली. थोडा वेळच आहे तो. चित्रपटाचं नाव त्या पात्राचं, आणि त्या पात्राला चित्रपटात जागा तेवढीच. त्याच्या वाट्याला हे नेहमी येतं असं मला वाटतं. भन्साळींच्या 'रामलीला'तही असंच, आला आणि संपला. 'हाऊसफुल ४'बद्दल बोलायलाच नको. 'हर हर महादेव'मध्ये बाजीप्रभू म्हणून त्याला भरपूर जागा मिळाली, तर दिग्दर्शकानं त्याला ओरडायला लावलं. ज्याच्या कुजबुजीनं सभा गप्प होते त्याला ओरडायला कशाला लावायचं?

गंमत अशी, की जिथे त्याला पूर्ण मोकळीक मिळाली तिथे तो दिसतच नाही. २०२१ च्या सुरुवातीला 'द लेजंड ऑफ हनुमान' ही ॲनिमेशन मालिका आली. तिच्यातला रावण त्याच्या आवाजात बोलतो. आणि २०२३ च्या 'आदिपुरुष'मध्ये हिंदीतला राम, म्हणजे पुन्हा प्रभास, तोही त्याच्याच आवाजात. रामाचा आणि रावणाचा गळा एक. आमच्याकडच्या रामलीलेत रावणाचं काम मिळालेला माणूस रामाच्या घरी नारळ घेऊन जायचा. याला स्वतःच्याच घरी जावं लागलं असतं. 'आदिपुरुष'च्या संवादांवरून केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. आवाज एकटा तरी काय करणार, शब्द दुसऱ्याचे. तो वाद बघायला नाना नव्हते. २०२२ च्या फेब्रुवारीत ते गेले.

पण 'तान्हाजी' त्यांनी घरी पाठ केला. पूर्ण नव्हे, महाराजांचे तेवढेच प्रसंग. मुलानं लॅपटॉपची तार टीव्हीला जोडून दिली होती आणि तो आजोबांना ते प्रसंग काढून देई. दहा वेळा, पंधरा वेळा. आम्हाला वाटलं वय झालं, नाद लागला.

पावसाळ्याचे दिवस होते, दुपारची वेळ. मी स्वयंपाकघरात बेडईचं पीठ मळत होते. बाहेरून दोन आवाज येत होते. एक भरीव, एक कापरा, दोन्ही एकाच वेळी, एकाच शब्दावर. मी हात न धुता दारापर्यंत आले. नाना आरामखुर्चीत जरा पुढे झुकून बसले होते, डोळे पडद्यावरच्या ओठांवर, आणि तो म्हणेल ते त्याच्याबरोबर म्हणत होते. हिंदीत. 'प' आला, गेला. 'म' आला, गेला. 'ब'वर त्यांचे ओठ मिटले आणि त्याच्या ओठांबरोबर उघडले. गणपतीतल्या आरतीसारखं, फक्त आळी नव्हती, टाळ नव्हते, पडद्यावरचा तो एक माणूस होता. मुलगा माझ्याकडे बघून हसला. त्याला हे रोजचं होतं. मलाच माहीत नव्हतं.

मुलाचा फोन वाजला. त्यानं पडदा थांबवला. खोली एकदम शांत झाली, बाहेर पन्हाळीचं पाणी तेवढं वाजत होतं. नाना खुर्चीत मागे टेकले, धाप लागली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तांब्या मागतील. मी माठाकडे वळलेही, तांब्या भरून घेतला.

परत आले तेव्हा ओठ मिटलेले होते. मान वर गेली होती, डोळे बंद.

'पा…'

मुलानं फोन बाजूला धरून तो शब्द पुरा करायला तोंड उघडलं. मी पिठाच्या हातानं त्याला थांबवलं, आणि तांब्या घेऊन तशीच दारात उभी राहिले.